परमुलखातलं पान

लालासाहेबांनी डब्याचं झाकण उघडलं आणि लगेच परत लावलं.

साताऱ्याच्या त्या प्रशिक्षणात इतिहासाच्या शिक्षकांना चीन, जपान, कोरिया कसे शिकवावेत ते सांगायला अर्फा मॅडम आल्या होत्या. आष्ट्याची पोरगी, वयानं लालासाहेबांच्या विद्यार्थिनीएवढी, पण वर्ग मुठीत ठेवणारी. शाळेतल्या मुली कोरियन मालिका बघून पार तयार, आणि गुरुजींना मात्र कोरिया नकाशात सापडेना, अशी एकूण गत होती. म्हणून मॅडमनी ठरवलं होतं, धडा नुसता वाचायचा नाही, करून बघायचा. भाद्रपदाच्या पौर्णिमेच्या सुमारास कोरियात घरोघरी पूर्वजांसाठी जेवण मांडतात, आपल्या पितरांच्या पानासारखंच. तेव्हा प्रत्येकानं आपल्या गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी घरून आणायचं होतं.

लालासाहेबांनी बायकोला, बनुबाईंना सांगितलं होतं, वडिलांसाठी, आबांसाठी खर्डा-भाकरी दे. डब्यात शेवयांची खीर निघाली. बिनबेदाण्याची.

बेदाणे न चालणारं त्या घरात एकच माणूस होतं, त्यांचा लेक वीरधवल. फौजेत गेला आणि सरहद्दीवर बर्फाखाली गडप झाला. तिरंग्यातून कुंडलला आला, सलामी झाली, गावानं चौकाला त्याचं नाव दिलं. पान मात्र कुणी वाढलं नाही. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, पाठीवर भाऊ नव्हता, आणि बापानं लेकाचं पान वाढायचं नाही हा घराण्याचा दंडक. दर पितृपंधरवड्यात आबांचं पान वाढलं की बनुबाई तोंडाला पदर लावून आत जायच्या.

आदल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं,

"आवं, त्या कोरियात कोन वाढतं? आयबापानं वाढलं तर चालतंय का?"

"ठावं न्हाई. उद्या इचारतो."

बाईंना उत्तराची वाट बघवली नव्हती.

टेबलावर पांढरं कापड अंथरलं गेलं. वाट्या, ताटल्या आल्या. भाऊसो गुरुजींनी आजोबांसाठी चक्क तंबाखूची चंची ठेवली आणि हशा पिकला. तेवढ्या गलक्यात लालासाहेबांनी हात वर केला.

"मॅडम, धाकटं माणूस गेलं आसंल तर? थोरल्यानं त्याच्यासाठी मांडलं तर?"

"नाही सर. तिथंही धाकट्यांनीच थोरल्यांपुढं वाकायचं. आईवडील मुलांपुढं वाकत नाहीत."

"म्हंजे तिथंबी न्हाई."

"बघा ना, आपल्याशी किती जुळतं!" अर्फा खुलून म्हणाली. "मुलांना हेच सांगा. एवढ्या लांबची माणसं, पण रीत आपलीच."

सगळ्यांनी लिहून घेतलं. लालासाहेबांनीही लिहिलं.

"तुमचा डबा राहिला, सर."

"मंडळींनी चुकून दुसराच दिलाय."

पुन्हा हशा झाला. तेही हसले.

"शेवटी हे अन्न घरच्यांनीच वाटून खायचं असतं," मॅडम म्हणाल्या, आणि गुरुजी मंडळी ताटल्यांवर तुटून पडली.

कराडच्या स्टँडवर कुंडलच्या गाडीला अवकाश होता. लालासाहेब एका बाकड्यावर बसले आणि त्यांनी डबा उघडला. साखरेचं दुखणं जडल्यापासून ते गोडाला शिवत नव्हते. त्यामुळं रिकामा डबा बघून खीर त्यांनीच खाल्ली असा संशय बनुबाईंना येणार नव्हता. डोळ्यांना धार लागली होती, शेजारची बाई टक लावून बघत होती, तरी ते खात राहिले. लेकाच्या नावाचं अन्न, आणि ते बाप एकटा संपवत होता. त्यांनी डब्याचा तळसुद्धा पुसून खाल्ला.

बनुबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी डबा घेतला आणि हातात तोलून बघितला.

"चाललं?"

"चाललं."

"कोन वाकलं त्याच्याम्होरं?"

"मीच. तिथं चालतंय बापानं वाढलेलं."

बाई उंबऱ्यावर बसल्या. इतक्या दिवसांचं रडू त्यांनी तिथंच सांडून टाकलं, अगदी मोकळं. मग उठून डबा घासायला घेतला. लालासाहेब सदरा काढून खुंटीला अडकवत होते, तेवढ्यात मोरीतून बनुबाईंचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी असा हलका आवाज.

"आवं, ह्ये टरेनिंग दरसाली आसतंय न्हवं?"