साडेचारचा काटा

बटण दाबलं की सीपीयूचा पंखा भणभणायचा, तीन लांब शिट्ट्या वाजायच्या आणि स्क्रीन काळी ती काळीच. सुनेने सहा वेळा दाबून पाहिलं. मुलांच्या एका पुस्तकासाठी तिने काढलेली अकरा चित्रं त्या खोक्यात होती आणि बारा वाजेपर्यंत ती छापखान्यात पोचायला हवी होती. दुसरीकडे एक प्रत ठेवायची, हे ती महिनाभर उद्यावर ढकलत आली होती.

नवरा कामानिमित्त परगावी होता. रविवार असल्यामुळे दुरुस्तीची दुकानं बंद. नेहमीचा मेकॅनिक एका लग्नात होता, पण बिचाऱ्याने मांडवाबाहेर येऊन फोन घेतला. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि सीपीयूजवळ धरून त्याला शिट्ट्या ऐकवल्या. तो म्हणाला, मेमरीची पट्टी सैल झाली असेल किंवा तिच्यावर मळ बसला असेल. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी खोक्याच्या पत्र्याला बोट लावा, मग खोका उघडा, पट्टी काढा, तिची सोनेरी कड खोडरबराने पुसा आणि परत बसवा. सुनेने फोन ठेवला, पण खोक्याला हात लावायची तिची हिंमत होईना.

दारात सासरे उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केल्यापासून ते घरात पाहुण्यासारखे वावरत. सुनेशी बोलणंही जेवण झालं का, दार लावलं का, एवढंच. फोनवरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"सूनबाई, मी बघू का?" त्यांनी विचारलं. "नाही जमलं तर आहे तसं परत ठेवीन."

तिने क्षणभर विचार केला आणि खुर्ची सोडली.

त्यांनी आतून आपली पेटी आणली. टेबलावर पांढरा रुमाल पसरला, प्लग काढला, हात धुऊन कोरडे केले आणि मेकॅनिकने सांगितल्याप्रमाणे आधी खोक्याच्या पत्र्याला बोट लावलं. काढलेला प्रत्येक स्क्रू रुमालावर ओळीने ठेवला. आत धुळीची गोधडीच झाली होती. घड्याळं साफ करायच्या रबरी फुंकणीने ती उडवताना दोघंही शिंकून शिंकून बेजार झाले. मग डोळ्याला भिंग लावून त्यांनी पट्टीची कड पुसायला घेतली. सून घड्याळाकडे बघत होती, सासरे घड्याळाकडे अजिबात बघत नव्हते.

पट्टी बसवली, बटण दाबलं. पुन्हा तीन शिट्ट्या.

सुनेला रडू यायचंच बाकी होतं. सासऱ्यांनी मात्र प्लग काढून मान तिरकी केली. "बसवताना एकच खटका वाजला. दोन्ही टोकांना खिट्टी आहे, म्हणजे दोन वाजायला हवेत."

त्यांनी पट्टी काढून पुन्हा खाचेत धरली आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा जोर दिला. खट्. खट्. या वेळी सुनेलाही ऐकू आलं.

बटण दाबल्यावर एकच छोटी शिट्टी वाजली आणि स्क्रीन उजळली. सुनेने टाळी वाजवली, मग लाजली, मग पुन्हा वाजवली. सासरे खुर्चीत मागे रेलून इतके मोठ्याने हसले, की भिंग डोळ्यावरून निसटून मांडीवर पडलं.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिने आधी चित्रांच्या दोन प्रती करून ठेवल्या. पाठवण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालायला चित्रं उघडली, तसे सासरे खुर्ची ओढून शेजारी बसले. तिची चित्रं ते पहिल्यांदाच बघत होते. मनोऱ्यावर माकड चढलेलं बघून ते खुदकन हसले. मग पुढे झुकले.

"हे मनोऱ्यावरचं घड्याळ. साडेचार ना?"

"हो, बाबा."

"मग तासकाटा चारवर ताठ कसा? अर्धा तास झाला, तो चार आणि पाचच्या मधोमध यायला हवा."

सून बघतच राहिली. ते चित्र तिने शंभरदा पाहिलं होतं, प्रकाशकांनी पाहिलं होतं. तिने काटा सरकवला. सासऱ्यांनी आणखी किंचित पुढे घ्यायला लावला, मग मान डोलावली. पावणेबाराला चित्रं गेली आणि पाचच मिनिटांत छापखान्यातून मिळाल्याचा फोन आला.

तिने मेकॅनिकला कळवलं, तेव्हा तो पंगतीत बसला होता. हे काम कोणी केलं, असं त्याने विचारलं.

"आमच्या बाबांनी," ती म्हणाली.

सासरे तोवर हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन, तो पंखा मधूनच करकरतो, त्याचंही बघायचं का, असं विचारत होते.