कबुरोरोचा आकडा ओळखणारा पडदा

मित्रांनो, तुमच्या तळहाताएवढा माझा देह. बोटीवर वाट दाखवणाऱ्या यंत्राचा मी जुना पडदा आहे. तुम्ही ज्याला टचस्क्रीन म्हणता, त्याच घराण्यातला. पण आताच्या चकचकीत भावंडांहून माझी जात वेगळी.

माझ्या अंगाला दोन पदर आहेत. खालचा काचेचा, वरचा मऊ प्लास्टिकचा. मधल्या बारीक ठिपक्यांमुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. कुणी दाबले की वरचा वाकून खालच्याला टेकतो आणि कुठे टेकला ते मला कळते. दाबणारे बोट आहे, काडी आहे की माशाचा काटा, हे मी कधी विचारत नाही.

माझे आयुष्य प्रशांत महासागरातल्या किरिबाटी या बेटांच्या देशात गेले. अबाइआंग बेटावरून तरावा या मुख्य बेटाला माणसे आणि मासळी नेणाऱ्या बोटीवर. बोट तोकाताकेची, पण चालवायचा त्याच्या बहिणीचा नवरा, कबुरोरो. तरुणपणी परदेशी जहाजावर दोर गुंडाळणाऱ्या यंत्रात त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. त्या जागी लोखंडी आकडा आला. डाव्या हातात इंजिनाचा दांडा आणि आकड्याने माझ्यावर टिचकी, अशी त्याची रीत. बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या भिंतीतली, बोट आत न्यायची फट त्याने विचारायची आणि मी दाखवायची. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, “कबुरोरो असला की आम्ही बोटीत झोपून घेतो.” ते ऐकून मलाही बरे वाटे.

मग एके दिवशी तोकाताके तरावाहून नवे यंत्र घेऊन आला.

“दाजी, बघा! नुसतं बोट फिरवलं की नकाशा पळतो. ते तुमचं म्हातारं द्या आता माशांना.”

कबुरोरोने आकडा टेकवला. काही झाले नाही. पुन्हा टेकवला. नवा पडदा ढिम्म.

“अहो, त्याला माणसाचं बोट लागतं, गळ नाही!” बोटीतून कुणीतरी ओरडले. सगळे हसले. तोकाताकेही हसला. कबुरोरोही हसला, पण तो माझे स्क्रू काढत होता तेव्हा त्याचा चेहरा मी जवळून पाहिला.

“डाव्या हातानं दाबा की,” तोकाताके म्हणाला.

“आणि दांडा कोण धरेल? तुझा बाप?”

“बरं, मग मी चालवतो काही दिवस. तुम्ही आराम करा.”

कबुरोरोने मला घरी आणले आणि मचाणाच्या खांबाला पिशवीत टांगले. तो आकड्यात दोरा अडकवून जाळी सांधत बसे. बायको ताबेराने पुढे ठेवलेली मासळी तशीच राही. समुद्राकडे तो पाठ करून बसे, हे मला पिशवीच्या भोकातून दिसे.

पुढचे मी ताबेराच्या तोंडून ऐकले. ती भावाच्या बोटीतून तरावाला निघाली होती. तरावाभोवतीची प्रवाळाची भिंत जवळ आली आणि पावसाने गाठले. नव्या पडद्याला प्रत्येक थेंब म्हणजे बोटच वाटू लागले. नकाशा सैरावैरा धावू लागला. तोकाताके पुसतोय, दाबतोय, शिव्या घालतोय. फट काही सापडेना. शेवटी पाऊस थांबेपर्यंत बोट बाहेरच लाटांवर हेलकावत राहिली. कुणी ओकत होते, कुणी प्रार्थना म्हणत होते. ताबेरा सरकत भावाजवळ गेली.

“दादा, तुझ्या यंत्राला पावसाचा थेंब माणूस वाटतो आणि माझ्या नवऱ्याचा हात माणसाचा वाटत नाही. ते यंत्र आहे, त्याचं सोड. तुला काय वाटतं?”



दुसऱ्या दिवशी तोकाताके मचाणापाशी येऊन उभा राहिला.

“दाजी, उद्या येता का बोटीवर?”

“मी आराम करतोय. तूच सांगितलंस.”

“चुकलं माझं. आणि हसलो, ते जास्त चुकलं.”

कबुरोरोने जाळ्याची आणखी एक गाठ मारली. मग म्हणाला, “माझा म्हातारा बसवशील जागेवर?”

“तुमच्या बाजूला तो, माझ्या बाजूला नवा. पाऊस आला की मी गप्प बसेन.”

“तू आणि गप्प? मग रोज पडू दे पाऊस!”

ताबेरा आतून इतक्या मोठ्याने हसली की कोंबड्या पळाल्या.

मित्रांनो, आता माझा वरचा पदर धूसर झाला आहे. एकीकडे दाबले तर मला दुसरीकडे वाटते. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला सुरीने टोचू नका, उन्हात टाकू नका. आणि एकदा विचारून उत्तर चुकले, म्हणून लगेच फेकूही नका.

परवा मी फट चुकीच्या जागी दाखवली. कबुरोरोने बोट थांबवली. “कान गेले वाटतं तुझे,” एवढेच म्हणाला. मग माझ्या कोपऱ्यांत उमटवलेल्या फुल्यांवर आकड्याने एकेक टिचकी मारून, कुठे दाबले की काय समजायचे, ते त्याने मला पुन्हा शिकवले. बोटीतली माणसे थांबली होती; कुणी घाई केली नाही.

त्याने पुन्हा विचारले. या वेळी मी बरोबर दाखवले.