ड्रायव्हरचं झाकण

माझ्या दादाला रणगाड्यातलं काडीचंही कळत नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. टाइल्सचं दुकान चालवणारा माणूस. पण बाबांच्या जुन्या तुकडीच्या हॉलचा सेक्रेटरी झाला आणि तेव्हापासून सगळं युद्ध आपणच लढलो अशा थाटात बोलायला लागला. हॉलमध्ये काचेची पेटी, पेटीत बाबांचा रणगाडा, खाली पितळी पाटी, असा त्याचा बेत. रणगाडा बनवणार कोण? तर मी.

मी दातांच्या कवळ्या बनवते. घासणं, भरणं, रंगाची छटा जुळवणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि कामावरून आले की तेच हात छोट्या रणगाड्यांवर चालतात. छंद मुळात बाबांचा. शेवटची दहा वर्षं ते माझ्याच टेबलाच्या पलीकडे डोळ्याला भिंग लावून बसायचे. जगातले सगळे रणगाडे केले, पण आपण स्वतः चालवायचो तो त्यांनी कधी करायला घेतला नाही. गेल्या वर्षी ते गेले आणि तो माझ्या वाट्याला आला.

पाच महिने लागले. एकास पस्तीस या मापाचा, म्हणजे वीतभर लांब. चाकांभोवतीच्या पट्ट्याच्या एकशेसाठ कड्या चिमट्याने एकेक जोडल्या. डाव्या चाकावरचा पत्रा बाबांनी एका झाडावर घासून वाकवला होता, तो मेणबत्तीवर गरम करून तसाच वाकवला. रंग तीनदा काढून टाकला, कारण फोटोत दिसतो तो धुळीचा रंग होता, रंगाचा नव्हे. आणि वरचा फिरता बुरूज, ज्यात तोफ असते, तो उजवीकडे वळवून ठेवला. तोफ बाजूला, ड्रायव्हरचं झाकण उघडं.

दादा आणि वहिनी बघायला आले. दादाने टेबलाभोवती एक चक्कर मारली.

"तोफ वाकडी का?"

"वाकडी नाही. वळलेली आहे."

"मग सरळ कर ना. लोक समोरून बघणार. तोफ छातीवर आली पाहिजे त्यांच्या."

"जळाला तेव्हा ती अशीच होती."

"जळतानाचा कुठे करायला सांगितलाय तुला! चांगला धडधाकट दाखव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण या वेळी मी भांडले नाही. बाबांनी मला आठ वर्षांपूर्वी याच टेबलावर जे सांगितलं होतं, ते मी त्याला पहिल्यांदा सांगितलं. त्या रणगाड्यात ड्रायव्हर पुढे बसतो. तोफ समोर आणि जरा खाली झुकलेली असली, तर नळी त्याच्या झाकणावर येते आणि झाकण उघडत नाही. गोळा लागला, वीज गेली, आग लागली. गनर, म्हणजे तोफ डागणारा, वर बुरुजात होता. त्याच्या डोक्यावरचं झाकण उघडं होतं, तो उडी मारून मोकळा झाला असता. पण तो आत थांबला आणि बुरूज हाताने फिरवायची जी मूठ असते, ती फिरवत राहिला. मूठ तापली होती. नळी बाजूला झाली तेव्हा बाबा बाहेर आले. गनरच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटली, ती कायमची.

दादा हसला. "उलटं सांगतेस तू. बाबांनी गनरला बाहेर ओढलं. सगळ्या जगाला माहीत आहे."

"जगाला तू सांगितलंस. शाळेत असल्यापासून त्यावर भाषणं ठोकतोयस. तुझी बक्षिसं बघून त्यांची जीभ रेटली नाही."

"मला कधी बोलले नाहीत ते असं."

"तुला बोलायला मध्ये तू थांबायला नको?"

वहिनीने खोकल्यासारखं केलं. दादाचा चेहरा लाल झाला. पाटी तयार होऊन आली आहे, म्हणाला. 'जळत्या रणगाड्यातून साथीदाराचे प्राण वाचवणारे शूर ड्रायव्हर.' आणि तो साथीदार, म्हणजे गनर, उद्घाटनाला येणार आहे. आता काही बदलायचं नाही.

"त्याच्यासमोर ती पाटी लावणार तू?"

"तोफ तुझी राहू दे वाकडी," दादा म्हणाला. "पाटी माझी. झालं समाधान?"

आणि मी हो म्हटलं. ही माझी चूक, आणि ती फक्त आम्हा कारागिरांच्या जातीचे लोक करतात. काम बिनचूक केलं की ते आपल्या वतीने बोलेल, असं आम्हाला वाटतं. गनर तोफ बघेल, त्याला कळेल की या घरात कुणाला तरी ठाऊक आहे, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. दुसरी चूक त्याहून साधी. बुरूज आम्ही चिकटवत नाही. नुसता खाचेत बसवतो, म्हणजे उचलून आतलं रंगवता येतं. बोट लावलं की फिरतो.

उद्घाटनाच्या सकाळी मी पोचले तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या. पेटीला कुलूप होतं. आत माझा रणगाडा, आणि तोफ नाकासमोर सरळ. दादाने नळी खाली झुकवलीही होती, लोकांच्या छातीवर यावी म्हणून. ड्रायव्हरचं झाकण बरोबर तिच्याखाली.

पेटीसमोर एक काटकुळे म्हातारे उभे होते. हात खिशात. मी त्यांना फोटोतच पाहिलं होतं, पण हात खिशात बघूनच ओळखलं.

"कुणी बनवलाय?" त्यांनी विचारलं.

"मी. ड्रायव्हरची मुलगी. पाच महिने लागले."

"हात चांगला आहे." त्यांनी पुन्हा वाकून बघितलं. "पण यातला ड्रायव्हर मेला."

दादा मागून आलाच. "काका, अहो, आमचे बाबाच तर—"

"तोफ अशी असताना तो बाहेर येत नाही. आत भाजून मरतो. आणि पाटी वाचली मी. तीनदा वाचली. म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

मी दादापुढे हात केला.

"किल्ली दे."

"कार्यक्रम होऊ दे. नंतर बघू."

"किल्ली दे, नाहीतर काच फोडते."

"ठमे, तमाशा करू नकोस!" लहानपणीच्या नावाने हाक मारली की मी लहान होते, असा त्याचा समज आहे. त्याला पुढचं काही सुचायच्या आत वहिनीने त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याविरुद्ध केलेलं हे पहिलं काम असावं.

मी पेटी उघडली. म्हाताऱ्यांनी हात खिशातून काढला. चार बोटांचा मिळून एक पंजा झाला होता. तो पंजा त्यांनी माझ्या बुरुजाला लावला.

"काका, सांभाळून," दादा म्हणाला, "नाजूक आहे."

"माझ्या वेळेला जड होता," ते म्हणाले आणि बुरूज फिरवला. उजवीकडे, अगदी तिथपर्यंत, जिथे मी ठेवला होता. केसभरही फरक नाही. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "मला माहीत आहे. बाबांनी सांगितलं होतं."

ते माझ्याकडे वळले. आत्तापर्यंतचा राग दादावर होता. आता तो माझ्यावर आला.

"कुणाकुणाला सांगितलं?"

"मला एकटीला."

"कधी?"

"आठ वर्षं झाली."

"मी कुठे राहतो ते माहीत होतं?"

"हो."

"बसने किती वेळ लागतो?"

"चाळीस मिनिटं."

"पत्रा वाकवायला पाच महिने घालवलेस," ते म्हणाले, "आणि तुला चाळीस मिनिटं जमली नाहीत." पंजा खिशात घातला आणि ते निघून गेले. त्यांच्या नावाची खुर्ची पहिल्या रांगेत रिकामीच राहिली.

दादाने माइक हातात घेतला. माझ्या पर्समध्ये गोंदाची बाटली कायम असते. मी बुरुजाखाली दोन थेंब सोडले आणि घट्ट धरून उभी राहिले. मग कवळ्यांच्या कामाचा बारीक स्क्रूड्रायव्हर काढून पाटीचे चारही स्क्रू सोडवले. दादा भर कार्यक्रमात ओरडला, "तू बाबांची अब्रू घालवतेयस!" मी म्हटलं, "उसनी होती." तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मीही त्याच्यामागे धावलेले नाही.

पाटी घेऊन मी बसमध्ये बसले. चाळीस नाही, पस्तीसच मिनिटं लागली. तिसरा मजला. त्यांनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून एक डोळा तेवढा दिसत होता.

"आता काय?"

मी पाटी फटीतून आत सरकवली. ती त्यांनी घेतली नाही. खाली पडली, मोठा आवाज झाला.

"भंगार माझ्या घरात नको. काय म्हणायचंय ते म्हण."

"बाबांना तुम्ही बाहेर काढलंत," मी म्हटलं.

"ऐकू येत नाही."

"बाबांना तुम्ही बाहेर काढलंत. त्यांनी खोटं चालू दिलं. आणि मी गप्प बसले."

"मला ऐकू आलं," ते म्हणाले. "या जिन्यातल्या लोकांनी तुझ्या भावाचं भाषण पेपरात वाचलंय. मला भेटले की विचारतात, तुम्हाला वाचवलं तो देवमाणूस कसा होता. त्यांना ऐकू जाऊ दे."

मी जिन्यात उभी राहून पुन्हा म्हटलं. मग आणखी मोठ्याने. समोरचं दार उघडलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी कठड्यावरून वाकलं. साखळी निघाली नाही, पण दारही बंद झालं नाही, म्हणून मी परत पहिल्यापासून सुरुवात केली.