सूची इकडे, नकाशा तिकडे

मी एक जुना संदर्भग्रंथ आहे. हसू नका. एका मांगा मालिकेचा का होईना, पण संदर्भग्रंथ आहे, आणि तोसुद्धा अधिकृत. मांगा म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायची चित्रकथा, हे तुम्हा मुलांना सांगायला नको. मोठ्या माणसांना मात्र दर वेळी सांगावं लागतं. तर 'अधिकृत' हा शब्द माझ्या मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत छापलेला होता. म्हणजे अजूनही आहे, पण माझ्यापाशी नाही. मित्रांनो, खरं सांगायचं तर मी अर्धाच आहे. माझी सुरुवात पान एकशे तेरापासून होते, तीही वाक्याच्या मधूनच: '...म्हणून पुलावरून जाताना टोपी काढावी लागते.' कुणी, का, कोणता पूल, काही विचारू नका. ते सगळं पान एकशे बारावर आहे, आणि पान एकशे बारा दुसऱ्या गावी राहतं.

ज्या मालिकेचा मी ग्रंथ, तिचं नाव 'खोलनगरी'. एक अवाढव्य खड्डा आणि त्याच्या भिंतींना धरून वसलेलं अख्खं शहर. घरावर घर, गल्लीखाली गल्ली. जिने थोडे आणि दोर फार. एक पोरगी कमरेला दोर बांधून या मजल्यावरून त्या मजल्यावर लोकांची पुडकी पोचवते. तिला सगळे दोरवाली म्हणतात. ऊन खालपर्यंत यावं म्हणून मजल्यामजल्यावर आरसे बसवलेले. वरच्या कुणी आरशासमोर चादर वाळत घातली की खालच्या गल्लीत अंधार, आणि मग वर तोंड करकरून जी शिवीगाळ चालते ती पाहण्यासारखी. मालिकेत हे सगळं येता-जाता दिसतं. पण कोणत्या रंगाचा दोर कशासाठी, आरसे पुसायचं काम कुणाचं, इतक्या खोल जागी पावसाचं पाणी तुंबत कसं नाही, हे सांगायला मी.

माझा जन्मच मुळी कटकटीतून झाला. एक संपादकबाई चित्रकाराच्या खोलीत ठाण मांडून बसल्या होत्या.

"पावसाचं पाणी कुठे जातं?"

"मला काय माहीत? मी दोरवाली काढतो, पाणी नाही काढत."

"वाचक विचारतात."

"वाचकांना दुसरे उद्योग नाहीत का हो?"

पण माणूस भला. कुरकुर करायचा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचे पंप, पंप फिरवणारी माणसं, त्यांचे बूट, बुटांना लावायचं मेण, सगळं काढून आणायचा. मग बाईंनी खोलनगरीचा मोठा नकाशा केला आणि त्यावरच्या प्रत्येक जागेला आकडा दिला. सतरा आकड्यापाशी एक लहानसं दार होतं. "हे कशाचं?" त्यांनी विचारलं. चित्रकार चष्मा वर करून बघत राहिला आणि म्हणाला, "हे मी काढलंय?" बाईंनी वैतागून लिहून टाकलं, 'सतरा: दार. चित्रकाराला विचारले. त्यालाही माहीत नाही.' आणि ते तसंच्या तसं छापलं गेलं! वर नकाशाच्या पानावर जागा पुरेना म्हणून आकड्यांचे अर्थ त्यांनी उचलून पार शेवटी, सूचीच्या शेजारी नेऊन टाकले. नकाशा पुढे आणि अर्थ मागे. वाचणाऱ्याने सारखं पुढे-मागे करत बसायचं. या एका उद्योगाने माझ्या नशिबी काय वाढून ठेवलं ते पुढे कळेलच.

दुकानातून मला एका मामाने उचललं. या मामाची एक खोड आहे. भाच्या दोन, आणि भेट आणतो एक. "दोघींत मिळून हं," म्हणतो, चहा पितो आणि निघून जातो. निस्तरायचं कुणी? त्या दिवशी त्याने मला डावीकडून उघडलं, तर समोर सूची. "अरे, हे तर उलटं छापलंय! थांबा, बदलून आणतो," असं म्हणून तो उठलासुद्धा. दोघींनी त्याच्या हातातून मला ओढलं. एकीने इकडून, एकीने तिकडून. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

थोरली ताई आणि धाकटी चिंगी. खोटं कशाला बोलू, सुरुवातीची वर्षं मजेत गेली. दोघी जमिनीवर पालथ्या पडून मला मध्ये ठेवायच्या आणि एकमेकींची परीक्षा घ्यायच्या. "अंधारगल्लीत जेवताना काय पेटवतात?" "मेणवात! पण जेवण होईपर्यंतच!" इतक्या आवडीने तर शाळेचं पुस्तकही कुणी वाचत नसेल. पण मित्रांनो, आवड म्हणजे काळजी नव्हे. माझ्या पानांत बिस्किटांचा चुरा आहे. दोरवालीच्या चित्रावर कागद ठेवून चिंगीने इतक्या जोरात पेन्सिल दाबली की त्या पानावर अजून खाचा आहेत. एकदा तिने माझ्यातली गाठीची आकृती बघून कपाटाच्या दाराला दोर बांधला आणि लोंबकळली. दार निखळून खाली आलं. बोलणी कुणाला? मला! "त्या पुस्तकापायी!" म्हणे. गाठ अगदी बरोबर होती हो. दार तकलादू, त्याला मी काय करू?

मग ताईचं शिक्षण आलं. परिचारिका व्हायला ती दुसऱ्या गावी, वसतिगृहात राहायला जाणार होती. बॅग भरताना तिने मला कपड्यांवर ठेवलं. चिंगीने काढलं. ताईने पुन्हा ठेवलं. चिंगी म्हणाली, "तू जातेयस ना? मग जा. पुस्तक कशाला नेतेस?" ताई म्हणाली, "मला नाही लागणार वाटतं?" आवाज चढले, जुनीपुराणी भांडणं निघाली, कुणी कुणाची रिबीन कधी हरवली इथपर्यंत मजल गेली. तेवढ्यात आई कामावरून आली. आई कपडे शिवायच्या कारखान्यात कापड बेतून कापते. दिवसभर उभी राहून पाय भरून आलेले, आणि घरात हा तमाशा.

"आणा इकडे ते," ती म्हणाली. "मधोमध कापते आणि देते एकेकीला. चालेल?"

ही धमकी होती हो! निदान एक तरी 'नको नको, तिला दे' म्हणेल, अशी त्या माउलीची समजूत. दोघी एका सुरात म्हणाल्या, "काप!"

आईची पंचाईत झाली. बोललेलं मागे घ्यायची तिला सवय नाही. तिने पट्टी लावली, धारदार सुरी घेतली आणि पाठीपासून मला सरळ दोन केलं. एक पान फाटलं नाही, एवढंच काय ते समाधान. ताईने मुखपृष्ठाकडचा भाग उचलला: माणसं, गल्ल्या, दोरांचे रंग, नकाशा. चिंगीच्या वाट्याला मी: वस्तू, नियम, आकड्यांचे अर्थ आणि सूची. ताई गेल्यावर आई बाबांना म्हणाली, "भांडण पुस्तकाचं नव्हतंच. एक चाललीय म्हणून दुसरी चिडली होती."

"मग तू कापलंस कशाला?" बाबांनी विचारलं. आई उठून आत गेली.

पुढचे दिवस मी पलंगाखाली काढले. अहो, माझ्यात आहे काय? 'पिवळा दोर: पाहा पान अडतीस. आरसेवाले: पाहा पान एक्कावन्न.' कुठे पाहा? कसं पाहा? एखाद्याच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या द्याव्यात आणि घर दुसऱ्या गावी असावं, तशी माझी गत. ताईचा फोन आईच घ्यायची. "चिंगीला देऊ?" आई विचारायची. "राहू दे," ताई म्हणायची. इकडे चिंगीला विचारलं की तिला एकदम अभ्यास आठवायचा. रोज शाळेतून आली की आधी आईला विचारायची, "फोन आला होता?" आणि कुणाचा ते काही विचारायची नाही. दोघी एकीसारखी एक हट्टी. मला तर दोघींना एकदम फटकवावंसं वाटायचं.

एका दुपारी घरात चिंगी एकटीच होती. मालिकेचा नवा भाग आला होता. फोन वाजला. तिने उचलला. पलीकडून हॅलो नाही, कशी आहेस नाही. एकदम, "सतरा म्हणजे काय गं?"

चिंगी म्हणाली, "थांब, बघून सांगते." तिने मला पलंगाखालून ओढलं, धुळीने चार वेळा शिंकली आणि वाचलं, "सतरा: दार. चित्रकाराला विचारले. त्यालाही माहीत नाही."

"असं छापलंय?"

"अधिकृत आहे, ताई."

आणि मग दोघी जे हसत सुटल्या ते थांबेचनात. हसता हसता चिंगीने डोळे पुसले आणि पिवळा दोर कशासाठी ते विचारून घेतलं. आजारी माणसाला वर न्यायचं असेल तर पिवळा, असं ताईने तिच्याजवळच्या पानावरून सांगितलं.

झालं, तेव्हापासून माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. नकाशा तिकडे, अर्थ इकडे, म्हणून दोनचार दिवसांनी फोन ठरलेला. प्रश्न एवढासा, आणि गप्पा पाऊण तास. मी आपला उपडा पडून पाठीत कळा सोसतोय, आणि या दोघी मेसच्या पातळ वरणावर बोलतायत! एकदा मात्र ताई फोनवर नुसती रडत होती. तिच्या वॉर्डातल्या एक आजीबाई त्या सकाळी गेल्या होत्या. चिंगीला काय बोलावं ते सुचेना. तिने मला उघडलं आणि पंपवाल्यांच्या बुटांना मेण कसं लावायचं, ती सगळी कृती सावकाश वाचून दाखवली. वाचून झालं तेव्हा ताई म्हणाली, "अजून वाच." त्या दिवशी मी अजिबात कुरकुर केली नाही.

चिंगीची एक मैत्रीण एकदा तिला म्हणाली, "अगं, नेटवर सगळं आहे की. नकाशासकट." चिंगी म्हणाली, "ते अधिकृत नाही." मला वाटलं, चला, कुणीतरी माझा मान राखला. इतका भोळा होतो मी.

आणि मग मालिका संपली. शेवटच्या भागात दोरवालीने दोर सोडला आणि पायऱ्या चढून गेली, संपलं. नवा भाग नाही, म्हणून नवा प्रश्न नाही. ताईला नोकरी लागली, तिच्या पाळ्या बदलत्या. चिंगीचं कॉलेज सुरू झालं. दोनचार दिवसांनी येणारा फोन महिन्यावर गेला आणि महिन्याचा बंदच पडला. चिंगी फोन हातात घ्यायची, नंबर काढायची आणि ठेवून द्यायची. सांगायला काही नव्हतं असं नाही. ढीगभर होतं. सुरुवात कुठून करायची, तेवढंच कळत नव्हतं. मी बघत होतो आणि चिडत होतो, पण पुस्तकाला कुठे फोन लावता येतो?

ताई सुट्टीवर आली ती माझा तो अर्धा भाग बॅगेत घेऊन. दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या बोलत होत्या. "चहा घेणार?" "घेईन." नेमका तेव्हाच मामा टपकला, आणि टेबलावर आम्हाला दोन तुकड्यांत बघून त्याने कपाळावर हात मारला. "अरे, मी दिलेल्या पुस्तकाची ही दशा? उठा, चला बाइंडरकडे!"

मित्रांनो, त्या दुकानात शिरताना माझा आनंद गगनात मावत नव्हता. खळीचा वास, दाबाचं यंत्र, दोऱ्याची रिळं! बाइंडरने दोन्ही भाग एकमेकांना लावून पाहिले आणि म्हणाला, "कापलंय मात्र सुरेख. तासाभरात जोडून देतो, कळणारसुद्धा नाही. राहणार कुणाकडे? आत नाव टाकून देतो."

चिंगी म्हणाली, "नको जोडायला."

"का गं बाई?" मामा करवादला. "आयतं जोडून मिळतंय तर!"

"एकीकडे गेलं की संपलंच मग. ताई फोन कशाला करेल?" चिंगीचे डोळे भरून आले. "आधीच करत नाही."

"वेडाबाई, मी काय पुस्तकासाठी फोन करायचे?"

"मग थांबवलास कशाला? मालिका संपली आणि तुझा फोनही संपला. मला किती वाईट वाटलं माहितीये?"

ताई म्हणाली, "मला ते 'कशी आहेस, काय चाललंय' नाही गं जमत. फोन हातात घेते आणि पुढे सुचतच नाही. ते दार होतं, बूट होते, म्हणून बोलता यायचं."

"मलाही नाही जमत," चिंगी म्हणाली. "सूची तर मला कधीची पाठ आहे."

"आणि सतरा म्हणजे काय ते मी विसरले होते, असं वाटलं तुला?"

"मग इतकी वर्षं विचारत काय होता एकमेकींना?" मामाने विचारलं. त्याला कुणी उत्तर दिलं नाही, कारण दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. बाइंडरने हळूच दोन पुठ्ठे काढले.

मी किती आकांत केला! जोडा रे, मला जोडा! पण ऐकतो कोण. मला एक करडा पुठ्ठा मिळाला, त्यावर एक अक्षर नाही. घरी आल्यावर चिंगीने जाड पेनने लिहिलं, 'अधिकृत. मागचा.' मागचा! असो.

तर मित्रांनो, पुस्तकांना जपा. वाचताना बिस्किटं खाऊ नका, पानं दुमडू नका, आणि कापू तर मुळीच नका; आमच्या पाठीला लागतं. पण दोघांत एकच असेल आणि कापायचाच प्रसंग आला, तर निदान सूची एकाकडे आणि नकाशा दुसऱ्याकडे जाईल, एवढं बघा.

हा बघा, फोन वाजलाच. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "सतरा म्हणजे काय गं?" चिंगीला पाठ आहे. तरी ती म्हणते, "थांब हं, बघून सांगते," आणि मला उघडते.