ताईचं पासष्टावं

केस कापणाऱ्या बाई पासष्टच्या असल्या तरी गल्लीत सत्तावन्नच्याच होत्या. त्यासाठी त्या धाकट्या बहिणीला चारचौघांत ‘ताई’ म्हणायच्या आणि ती बिचारी दातओठ खात ओ द्यायची.

पण पूरक आरोग्य विम्याच्या काउंटरवर पंचाईत झाली.

“पासष्ट पूर्ण झाल्यापासून सहा महिने आम्ही काही न विचारता विमा देतो,” कारकून म्हणाला. “नंतर एकेका दुखण्याची चौकशी होते. आज शेवटचा दिवस कोणाचा, या ताईंचा ना?” बाईंची ‘ताई’ ही हाक ऐकून त्याने फॉर्म धाकटीपुढे सरकवला.

मागे रांगेत बाईंचीच तीन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती. पण तेवढ्यात गुडघ्यातून सणसणून कळ आली. बाईंनी फॉर्म ओढला.

“माझा,” त्या पुटपुटल्या.

“काय?”

“माझा! पासष्ट! झालं समाधान?”

धाकटीची कळी खुलली. “ऐकलंत ना सगळ्यांनी? मी बासष्टची! माझा नंबर तीन वर्षांनी!”

“ये की,” पावती पर्समध्ये कोंबत बाई म्हणाल्या. “पण एकटी ये, ताई. तेव्हा कुठे मी साठीला टेकलेली असेन.”