केळीच्या भावाआधी

मंदाबाईंनी आकाशवाणीचं पत्र पुष्पाच्या हातात ठेवलं, तेव्हा त्या हसत होत्या. पुष्पानं पत्र वाचलं. पाण्याची कळशी तिथंच ठेवून ती शाळेच्या पायरीवर बसली.

"अगं, आनंदाची बातमी आहे," मंदाबाई म्हणाल्या. "मी तीन दिवस प्रशिक्षणाला गेले होते, पत्र टेबलावर पडून राहिलं. तुझी गोष्ट आजच लागणार आहे!"

"बाई, वेळ पाहा."

"पावणेसात. मग?"

"संध्याकाळचे पावणेसात."

तरी मंदाबाईंच्या काही ध्यानात आलं नाही. चार वर्षं त्या गावात शिकवत होत्या, पण त्यांच्या मालकीचं केळीचं एक खोड नव्हतं. रावेरच्या आसपासच्या गावांत संध्याकाळी सात वाजता काय होतं, ते त्यांना कुठून ठाऊक असणार? सात वाजता रेडिओवर केळीचे भाव सांगत. त्यासाठी गावातला प्रत्येक कर्ता पुरुष पंधरा मिनिटं आधीच रेडिओपाशी येऊन बसे. बायांचा कार्यक्रम म्हणजे दुपारचा, पुरुष शेतात असतानाचा, असं पुष्पा धरून चालली होती. गुरुवारी तो अलीकडे संध्याकाळी असतो, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"नावानिशी लागणार?" तिनं विचारलं.

"नावानिशी. तूच तर सांगितलंस."

ते खरं होतं. याआधी तिच्या दोन गोष्टी जळगावच्या एका मासिकात आल्या होत्या. खाली नाव होतं 'एक भगिनी'. तेही तिनंच कळवलेलं. ते पाहून मंदाबाई भडकल्या होत्या. "एक भगिनी म्हणजे कोण गं? भगिनी तर मीही आहे. उद्या मी म्हणाले, गोष्ट माझी आहे, तर काय करशील?" पुढे डोळे तपासून घ्यायचं निमित्त करून दोघी जळगावला गेल्या. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तिथल्या साहेबांनी विचारलं, "नाव काय लावायचं?" पुष्पानं मंदाबाईंकडे पाहिलं. मंदाबाई भिंतीकडे पाहू लागल्या. उत्तर मुलाचं मुलानंच द्यावं असं वाटलं, की वर्गात त्या असंच करत. मग पुष्पा म्हणाली, "पुष्पा बन्सीलाल पाटील."

आता तेच नाव संध्याकाळी ओसरीवर ऐकू येणार होतं.

नवऱ्याची तिला तेवढी धास्ती नव्हती. बन्सीलाल केळीच्या ट्रकबरोबर दिल्लीला गेला होता. भीती होती सासऱ्यांची, जीवराम आबांची. कारण तिनं वाचलेली गोष्ट त्यांच्याच घरातली होती.

दोन वर्षांपूर्वी, मुलाच्या वेळी, पुष्पाला दिवस गेले होते. सासूबाई शेवंताबाई रोज दुपारी दोन पिकली केळी घेऊन तिच्यासमोर बसत आणि ती खाल्ल्याशिवाय उठत नसत. एकदा पुष्पा म्हणाली, "नको आता, पोट भरलं." तशी शेवंताबाई एकाएकी रडायला लागल्या. मग त्यांनी सांगितलं. त्या पहिलटकरीण होत्या तेव्हा घरात त्यांची जेवायची पाळी शेवटची असे, आणि पुष्कळदा टोपलीत अर्धी भाकर उरलेली असे. एका दुपारी भूक सहन होईना, म्हणून पेंढ्याखाली पिकत घातलेल्या आढीतली केळी त्यांनी काढून खाल्ली. ती केळी पाहुण्यांच्या पंगतीसाठी ठेवलेली होती. संध्याकाळी चोरी उघडकीला आली. जीवरामांनी खाज्या नावाच्या सालदाराला अंगणातल्या निंबाला बांधलं आणि हात दुखेपर्यंत मारलं. शेवंताबाई दाराआड उभ्या होत्या. मर्द गडी आहे, त्याचं काय बिघडणार आहे, असं मनाशी म्हणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी खाज्या बायकोला घेऊन सातपुड्याकडे निघून गेला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

"कोनाले सांगू नको व पोरी," शेवंताबाई म्हणाल्या होत्या.

पुष्पानं कुणाला सांगितलं नाही. तिनं ते लिहिलं. माणसांची नावं बदलली, गावाचं नाव गाळलं. पण निंबाचं झाड बदलायचं तिला सुचलं नाही.

दिवसभर तिच्या हातात काम टिकेना. भाजीत दोनदा मीठ पडलं. साडेपाचला आबा मळ्यातून यायच्या आधी ती ओसरीवर गेली, रेडिओचं मागचं झाकण उघडलं आणि चारही सेल काढून ज्वारीच्या कणगीत खोल खुपसले.

साडेसहाला आबांनी रेडिओचं बटण फिरवलं. आवाज नाही. त्यांनी रेडिओ हलवला, मागून उघडला.

"अवं, याचे सेल कुठी गेले?" त्यांनी आत शेवंताबाईंना विचारलं. "तिले विचार, पोरानं काढले का?"

सुनेशी ते थेट बोलत नसत. काही विचारायचं तर शेवंताबाईंना सांगत, आणि पुष्पा दाराआडून एकदा बांगड्या वाजवी. वाजवल्या तर हो, नाही वाजवल्या तर नाही. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि पाच वर्षं हे असंच चाललं होतं. आत्ता पुष्पानं बांगड्या वाजवल्या नाहीत.

तेवढ्यात शेजारचा सुपडू फाटकातून आला. त्याच्या काखेत त्याचा स्वतःचा लहान रेडिओ होता.

"आबा, म्या म्हटलं आज तुमच्याकडेच बसू. घरी बायको म्हनते, बायांचं ऐकू द्या. तिच्या हातात रेडिओ द्यायचा आन् आपन भाव कोनाले विचारायचा?"

"बरं केलं. लाव."

पुष्पा चुलीपाशी परत आली. शेवंताबाई भाकरी थापत होत्या. बाहेर खरखर झाली, मग निवेदिकेचा स्वच्छ आवाज आला. पुष्पानं डोळे मिटून घेतले. "...आता ऐकू या कथा. लेखिका आहेत..."

"आबा, काल पाचोऱ्याकडचा व्यापारी आलता," सुपडू मोठ्यानं म्हणाला. "म्हने, माल बारीक हाये. म्या म्हटलं, बारीक तर तुझी नियत हाये!"

दोघं हसले. नाव त्या हसण्यात बुडून गेलं.

मग पुष्पाला तिचाच आवाज ऐकू आला. तो तिला ओळखीचा वाटेना. पुस्तकातल्यासारखी भाषा, सावकाश, एकेक शब्द सुटा. बाहेर सुपडू खताबद्दल बोलत होता. आबा तंबाखू मळत होते. सून रेडिओवर बोलत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. कसा असणार? तिचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

भाकरी थापायचा आवाज मात्र थांबला होता. शेवंताबाईंचे दोन्ही हात पिठात तसेच होते. त्या पुष्पाकडे पाहत होत्या, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला.

"काय केलं व हे तुनं?" त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या.

बाहेर आवाज पुढे जात होता. आढीतली केळी झाली. संध्याकाळ झाली. अंगणातलं निंबाचं झाड आलं.

"थांब रे," आबा सुपडूला म्हणाले.

सुपडू थांबला. मग सगळी ओसरी गप्प झाली आणि शेवटची तीन-चार मिनिटं एकटी रेडिओवरची बाई बोलत राहिली. तिनं संपवलं. थोडं संगीत वाजलं. मग केळीचे भाव सुरू झाले.

"वाढले, आबा!" सुपडू म्हणाला. "ऐकलं का?"

आबांचं लक्ष नव्हतं. "कोन होती रे ती बाई?"

"कोनं ऐकलं नाव? बायांचं काय ध्यानात ठेवायचं?"

"तो निंब माह्या अंगनातला हाये. तो सालदार माहा हाये." आबांचा आवाज चढत नव्हता. तो खाली खाली जात होता, आणि पुष्पाला त्याचीच जास्त भीती वाटली. "हे त्या मास्तरणीचं काम हाये. हापशावर बायांना जमवते, गोष्टी काढते, पुस्तकं देते. दुसरं लिहिनारं आहे कोन गावात?"

"तेच म्हन्तो मी," सुपडूला एकदम उत्साह आला. "आवाजबी तिचाच व्हता. तसंच शुद्ध शुद्ध बोलते ती!"

"सोमवारी रावेरला जातो. शाळा समितीचा अर्ज घेऊन. पार डोंगराच्या टोकाला टाकतो तिले. बस बी जात नाही, अशा ठिकानी."

मंदाबाईंची म्हातारी आई त्यांच्याजवळ राहत असे. तिला दम्याचा आजार होता. दर आठवड्याला त्या तिला भुसावळच्या डॉक्टरांकडे नेत. पुष्पाला ते ठाऊक होतं. ती उभी राहिली.

शेवंताबाईंनी पिठाच्या हातानं तिचं मनगट धरलं. "गप राय. मास्तरीन शिकलेली बाई हाये. तिचं काय बिघडनार हाये?"

बोलून झालं आणि दाराआडचा तो जुना शब्द त्यांचा त्यांनाच ऐकू आला असावा. त्यांनी मनगट सोडलं. पुष्पाच्या कातडीवर पिठाची बोटं उमटली होती.

पुष्पा उंबऱ्यापर्यंत गेली. तिला वाटलं, इथूनच बांगड्या वाजवाव्यात. पण बांगड्यांनी हे कसं सांगणार? तिनं उंबरा ओलांडला. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. शुद्ध भाषा, जळगावला वाचलेली ती, कुठे गेली कोण जाणे. पहिले शब्द तोंडातून निघाले ते धुळ्याकडच्या तिच्या माहेरच्या बोलीतले.

"आबा, ती मी शे."

आबांनी वर पाहिलं. सुपडूनंही पाहिलं. दोघांना आधी कळेचना की कोण बोललं.

"मंदाबाईंनी नाही लिहिलं. मी लिहिलं. रेडिओवर मीच वाचत होते."

"वहिनी, तुम्ही?" सुपडू हसला. मग आबांच्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू आटलं.

"सुपडू," आबा म्हणाले, "घरी जाय."

तो रेडिओ उचलून गेला. आता दोघांशिवाय बाहेर कुणी नव्हतं. अंधार पडत होता, दिवा अजून कुणी लावला नव्हता. आबा खाटेवर बसले होते आणि पुष्पा त्यांच्यापासून चार हातांवर उभी होती. इतक्या जवळ ती त्यांच्यासमोर कधी उभी राहिली नव्हती.

"केळी कोनं खाल्ली, ते बी तुले ठावं हाये," आबा म्हणाले. "तिथं तू नव्हती. तुह्या जन्माच्या आधीचं हाये ते. कोनं सांगितलं?"

हे पुष्पानं धरलंच नव्हतं. स्वतःचं नाव सांगायचं इतकंच तिनं ठरवलं होतं. आता तिच्या नावामागून दुसरं नाव ओढलं जात होतं, आणि ते तिनं लिहिताना सुखरूप झाकलं आहे असं समजून ठेवलं होतं.

"मी विचारतो हाये. कोनं सांगितलं?"

"मनानंच रचलं," ती म्हणाली.

"खोटं बोलू नको."

"खोटंच बोलते हाये ती," मागून आवाज आला. शेवंताबाई दारात उभ्या होत्या. पिठाचे हात त्यांनी पुसले नव्हते. "मीनं सांगितलं. खाल्ली बी मीनंच. सहा खाल्ली व्हती. तिनं चार लिहिली."

आबांनी चोळलेली तंबाखू मुठीतच होती. ते बायकोकडे पाहत राहिले. पुष्पाला वाटलं, आता ते उठतील. आता हात उचलतील. ती नकळत एक पाऊल सरकली आणि शेवंताबाईंच्या पुढे उभी राहिली.

आबा उठले नाहीत. त्यांनी तंबाखू खाली टाकली.

"पह्यलं काय व्हतं त्याच्यात?" त्यांनी विचारलं. "निंबाच्या आधी? सुपडू बडबडत व्हता. मले ऐकू आलं नाही."

पुष्पाला प्रश्न समजला नाही.

"कागद हायेत ना?"

"आहेत."

"आन."

ती आत गेली. कपड्यांच्या घडीखालचे कागद काढताना तिच्या मनात आलं, ते फाडतील. फाडले तर पुन्हा लिहिता येईल का? सगळं आठवेल का? मग वाटलं, लिहूच देणार नाहीत, तर आठवून तरी काय करायचं? कंदील लावून तिनं एका हातात घेतला, दुसऱ्या हातात कागद. शेवंताबाई दाराच्या चौकटीला टेकून खाली बसल्या होत्या.

पुष्पानं कागद पुढे केले. आबांनी ते घेतले नाहीत.

"वाच."

ती तशीच उभी राहिली.

"बस आन् वाच. पह्यल्यापासून."

पाच वर्षांत पहिल्यांदा ती सासऱ्यांसमोर जमिनीवर बसली. कंदील शेजारी ठेवला. मंदाबाईंनी मथळ्याखाली लाल शाईनं तिचं पूर्ण नाव लिहून ठेवलं होतं. ते वाचावं की सोडून द्यावं, तिला कळेना. तिनं ते वाचलं. मग पहिलं वाक्य वाचलं, पण अगदी हळू.

"मोठ्यानं," आबा म्हणाले.

ते रागानं म्हणाले की कसे, हे तिला ओळखता आलं नाही. त्यांचा चेहरा कंदिलाच्या उजेडाबाहेर होता. तिनं कागद जवळ घेतला आणि नावापासून पुन्हा सुरुवात केली.