बाई ठीक आहेत, असं मी सांगितलं

मी दारावरची पाटी बोलतेय. नावाची नाही हो. नावाच्या पाटीला मान असतो, तिला लोक फडक्याने पुसतात. मी तळहाताएवढी, प्लॅस्टिकची, कडीला दोरीने टांगलेली. एका बाजूने पांढरी, कोरी. दुसऱ्या बाजूने हिरवी, आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत ‘मी ठीक आहे.’ मला एवढं एकच वाक्य येतं, आणि त्यानेच घात केला.

ज्येष्ठांच्या या वसाहतीत प्रत्येक दारावर माझी एकेक बहीण आहे. झोपताना पाटी पांढरी करायची, सकाळी उठलं की हिरवी. नऊ वाजता सिस्टर वही घेऊन फेरी मारते. हिरवी दिसली की खूण करून पुढे. पांढरी दिसली की बेल. महिन्यात तीनदा बेल वाजवावी लागली, तर त्या माणसाची रवानगी वरच्या मजल्यावर. तिथे पलंगांना कठडे असतात आणि दारं दिवसभर सताड उघडी.

माझ्या दाराआड बाई राहायला आल्या, त्याला चार वर्षं झाली. जन्मभर शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मुलगा सोडायला आला होता. खोली त्याने धड पाहिलीसुद्धा नाही, पण माझा फोटो तेवढा काढला. म्हणाला, “बघ आई, किती छान सोय! आता मला काळजी नाही.” तेव्हापासून तो ऑफिसात फोन करून विचारायचा, “हिरवी आहे ना?” हिरवी असली की झालं. आईला फोन करायला कारणच उरलं नाही.

पण खोटं कशाला बोलू? बाई इथे सुखात होत्या. मुलाच्या घरी पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत बसवायचे. इथे खाली डॉक्टर, वेळेवर गरम जेवण आणि वाद घालायला चाळीस माणसं. सूचनाफलकावरच्या चुका त्या लाल पेनाने दुरुस्त करायच्या. मॅनेजर वैतागायचा, आणि लोक सूचना सोडून दुरुस्त्याच वाचायचे.

समोरच्या खोलीत टेलरमास्तर. त्यांचं पहिलं बोलणं मी ऐकलंय.

“बाई, स्वेटरचं कोपर उसवलंय. द्या इकडे.”

“मास्तर, तुम्ही रिटायर झालात ना?”

“मी झालो हो, सुई कुठे झाली?”

त्या दिवसापासून रोज दहाला दोघांचा चहा, बाईंच्या खोलीत. हसण्याचा आवाज पार जिन्यापर्यंत जायचा. या वयात असा शेजार मिळणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी बाईंच्या गोळ्या बदलल्या. नव्या गोळ्यांनी त्यांना सकाळी जागच येईना. एकाच महिन्यात दोनदा बेल वाजली. मग मॅनेजरचं गोड भाषेतलं पत्र आलं, की अजून एकदा असं झालं तर वरच्या मजल्याचा विचार करू. बाईंनी त्या पत्रातही दोन चुका काढल्या, आणि दहाच्या चहाला ते मास्तरांपुढे ठेवलं.

“मास्तर, मला वर नाही हो जायचं. तिथे कपडे बदलतानासुद्धा दार लावू देत नाहीत.”

“जाताय कशाला? मी पाचलाच उठतो. फिरायला निघताना तुमची पाटी फिरवून जातो. तुम्ही झोपा खुशाल. दहाला चहाला भेटतोच आहोत की!”

झालं, ठरलं! दोघं शहाणी, दोघं शिकलेली, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की चहा चुकला तर काय.

सात महिने हे बिनबोभाट चाललं. मग एका सकाळी मास्तरांना गाडीने डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. जाण्याआधी त्यांनी मला नेहमीसारखं हिरवं केलं, कौतुकाने टिचकीही मारली. त्याच्या थोडं आधी बाई न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या. मदतीच्या घंटेची दोरी पलंगापाशी, आणि त्या तिथे.

नऊ वाजता सिस्टर आली. माझ्याकडे बघून म्हणाली, “वा, बाई कशा वेळेत उठल्यात!” वहीत खूण केली. आतून बारीक आवाज आला, “अहो सिस्टर...” मी ऐकला, तिने नाही. दार जाड होतं आणि मी हिरवी होते. चपलांचा आवाज लांब गेला. बाईंनी तोही ऐकला असणार.

जेवायला खुर्ची रिकामी दिसली, तेव्हा कुठे एक वाजता दार उघडलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. स्ट्रेचर माझ्यासमोरून जाताना मॅनेजरने विचारलं, “बाई, पाटी कुणी फिरवली?”

“मीच,” बाई म्हणाल्या. “फिरवली आणि मग पडले.” जन्मभर पोरांचं खोटं पकडणारी बाई माझ्यासमोर सरळ खोटं बोलली. मास्तरांना कुणी बोल लावू नये म्हणून.

संध्याकाळी मुलगा आला. आईला बघून झाल्यावर माझ्यासमोर उभा राहून कितीतरी वेळ एकच म्हणत होता, “पण हिरवी होती ना!”

मास्तरांना राहवेना. दुसऱ्या दिवशी इथेच, या दारासमोर त्यांनी मॅनेजरला गाठलं. “पाटी मी फिरवली. रोज मीच फिरवायचो. दोष माझा आहे.”

मॅनेजरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, बाईंनी स्वतः सांगितलंय की त्यांनी फिरवली. हल्ली जरा गोंधळ होतो का तुमचा? डॉक्टरांना दाखवून घेऊ या.” आणि सिस्टरला हळूच म्हणाला, “यांच्यावर लक्ष ठेव.” खरं बोलणारा म्हातारा विसराळू ठरला. मास्तर आपल्या खोलीत परत गेले. आता बाईंना भेटायला वर जायचं तरी ते सिस्टरला विचारून जातात.

दवाखान्यातून आणल्यापासून बाई वरच आहेत, उघड्या दाराच्या खोलीत. इथे उद्या एक नवे आजोबा येतायत. मॅनेजर मला दाखवून त्यांच्या मुलीला सांगेल, “ही आमची खास सोय.” सोय वाईट नाही हो. इथला डॉक्टर खरा, जेवण खरं, शेजार तर सोन्यासारखा. पण ज्या घरात ‘मी ठीक नाही’ म्हटलं की खोली जाते, तिथे माणूस मरेपर्यंत ठीकच असणार.

म्हणून त्या मुलीला एवढंच सांगायचंय. पोरी, माझा फोटो काढू नकोस. दार वाजव, आत जा आणि बापाच्या तोंडून ऐक.